व्हिडिओ गेम : खेळ कीं कला ?



हल्लीं पुष्कळ घरांत मुलांच्या हातांतील मोबाईलवरून रोज थोडीबहुत कुरकुर चालते. आईबाप म्हणतात, "खेळ पुरे झाला, आतां पुस्तक उघड." मुलें म्हणतात, "हा नुसता खेळ नाहीं. ह्यांत चित्रें आहेत, संगीत आहे, कथा आहे. ही एक कलाच आहे." आईबापांस हें उत्तर पळवाटेसारखें वाटतें, आणि मुलांसहि तें ह्यापुढें नेऊन सिद्ध करितां येत नाहीं.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जी वस्तु निव्वळ करमणुकीची असते तिच्याविषयीं एकच गोष्ट पाहावयाची असते : तिच्यांत वेळ किती घालवावा. परंतु जिला आपण कला म्हणतों ती आपल्या मनाचें काय करिते, हेंहि पाहावें लागतें. पुस्तक वाचणाऱ्या मुलास आपण "किती वेळ वाचलेंस ?" एवढेंच विचारीत नाहीं, "काय वाचलेंस, आणि तें तुला कसें वाटलें?" असेंहि विचारितों. व्हिडिओ गेम पुस्तकाच्या पंक्तीस बसण्यास योग्य असेल, तर त्याच्याविषयींहि हाच प्रश्न विचारला पाहिजे. योग्य नसेल, तर घड्याळाकडे पाहणें पुरेसें आहे. म्हणून ह्या विषयाचा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. हें साधन आलें कोठून ?

इ. स. १९५८ मध्यें अमेरिकेंतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञानें, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या मनोरंजनार्थ, विजेचे चढउतार दाखविणाऱ्या ऑसिलोस्कोप नांवाच्या यंत्राच्या पडद्यावर टेनिसचा एक लहानसा खेळ करून दाखविला. आडवी रेघ म्हणजे मैदान, छोटी उभी रेघ म्हणजे जाळें, आणि उजेडाचा एक ठिपका म्हणजे चेंडू. एवढेंच त्याचें स्वरूप होतें. पुढें इ. स. १९७२ मध्यें अटारी कंपनीच्या 'पाँग' ह्या खेळानें हा प्रकार सामान्य लोकांत रूढ केला.

इ. स. १९७८ मध्यें जपानांत तोमोहिरो निशिकादो ह्यानें 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचिला. त्यांत शत्रूंच्या रांगा वरून खालीं उतरत येतात. त्या वेळचें यंत्र दुबळें होतें; पुष्कळ आकृति एकदम काढतांना तें मंदावे, आणि शत्रू मारले जाऊन आकृति कमी झाल्या कीं उरलेल्या आपोआप वेगानें धावूं लागत. निशिकादोनें हा दोष काढून टाकिला नाहीं; त्याचाच त्यानें गुण केला. शेवट जवळ येई तसतशी खेळणाराची छाती अधिक धडधडूं लागे. दगडांतील शीर पाहून तिच्या अनुरोधानें मूर्ति घडविणारा पाथरवट आणि हा रचनाकार ह्यांत आम्हांस साम्य दिसतें. इ. स. १९८४ मध्यें मॉस्को येथें अलेक्सेय पाझितनोव्ह ह्यानें 'टेट्रिस' रचिला. चार चौकोन निरनिराळ्या रीतींनीं जोडून होणाऱ्या सात आकृति वरून पडतात व त्या खालीं नीट बसवावयाच्या, एवढाच त्याचा विषय. तरी तो जगभर पसरला.

ह्यावरून ह्या साधनांत चातुर्य व कारागिरी आहे हें उघड होतें. पण कारागिरी म्हणजे कला काय, हा प्रश्न राहतोच.

२. खेळ म्हणून हलका ?

कित्येकांचा आक्षेप असा कीं, जो खेळ आहे तो कला होऊंच शकत नाहीं. ह्या आक्षेपास आपल्याच देशांत फार जुनें उत्तर आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत अशी कथा आहे कीं, इंद्रादि देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि डोळ्यांनीं पाहतां येईल व कानांनीं ऐकतांहि येईल असें एक खेळणें त्यांनीं मागितलें. त्या मागणींतून नाट्य जन्मास आलें. म्हणजे ज्या नाट्यास आज आपण श्रेष्ठ कलांत गणितों, त्याची मूळ मागणी खेळणें म्हणूनच झाली होती !

नव्या साधनास आरंभीं हलकें लेखणें ही तर लोकरीतच आहे. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांत लोकांपुढें आला. त्या काळीं ह्या धंद्याची इतकी अवहेलना होती कीं, राणी तारामतीचें काम करावयास एकहि स्त्री मिळेना. शेवटीं तें अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केलें. आज फाळक्यांस कोणी हलका म्हणत नाहीं. गोष्टींच्या पुस्तकांसहि एके काळीं वेळ दवडण्याचें साधन समजत; परंतु बाबा पदमनजी ह्यांनीं इ. स. १८५७ मध्यें 'यमुनापर्यटन' लिहून त्याच साधनानें विधवांच्या दुःखास वाचा फोडिली.

तथापि येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. चित्रपटाची एके काळीं निंदा झाली व पुढें तो कला ठरला, म्हणून आज ज्याची निंदा होते तें सर्व उद्यां कला ठरेल असें मुळींच नाहीं. निंदा हें थोरवीचें प्रमाणपत्र नव्हे. तसाच मोठ्यांनीं केलेला सन्मानहि पुरावा नव्हे. न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट ह्या प्रसिद्ध संग्रहालयानें नोव्हेंबर २०१२ मध्यें 'पॅक-मॅन', 'टेट्रिस' इत्यादि १४ खेळ आपल्या संग्रहांत घेतले. पण तेहि वास्तुशिल्प व वस्तुरचना ह्यांच्या विभागांत. दुसऱ्याच्या शिक्क्यावर विसंबून न राहतां आपणच परीक्षा करणें बरें.

३. ह्या कलेचें स्वतःचें द्रव्य कोणतें ?

प्रत्येक कलेचें आपलें एक द्रव्य असतें. चित्रकाराचें रंग व रेषा, गवयाचें स्वर, कवीचे शब्द. व्हिडिओ गेमचें द्रव्य कोणतें ? मुलें म्हणतात, चित्रें व संगीत. पुणें येथील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० मध्यें 'राजी' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. हरण झालेल्या आपल्या धाकट्या भावास शोधीत निघालेल्या मुलीची ती कथा आहे. तींतील भिंतींवर पहाडी शैलीचीं चित्रें आहेत, वाड्यांची घडण राजस्थानी आहे, आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या द्वारें सांगितला आहे. हें सर्व मनोहर आहे. परंतु तें चित्रकाराचें व बाहुलीवाल्याचें यश होय. चांगल्या चित्रांच्या दिनदर्शिकेस आपण नवी कला म्हणत नाहीं. तेव्हां खेळाचें स्वतःचें असें द्रव्य निराळेंच असलें पाहिजे.

तें द्रव्य म्हणजे नियम, आणि त्या नियमांत राहून खेळणारानें केलेली कृति. नियमांनाहि बोलतां येतें, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. ज्याची परंपरा ज्ञानेश्वर महाराजांपर्यंत नेतात तो मोक्षपट पाहा. त्यांत सद्गुणाच्या घरीं शिडी व दुर्गुणाच्या घरीं साप असतो. उपदेशाचें एक वाक्यहि न उच्चारितां तो पट माणसाच्या चढण्यापडण्याविषयीं सांगत असतो. उणीव एकच कीं, तेथें सर्व फांशावर अवलंबून असतें. खेळणारास निवड करितां येत नाहीं.

निवडीची मुभा दिली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असेल, तर मोबाईल बाजूस ठेवून हा प्रयोग घरींच करून पाहा. चौघे जण बसा. मध्यें वीस खडे ठेवा. ती गांवची विहीर. प्रत्येक फेरींत एकेकानें आपल्या इच्छेप्रमाणें तीनपर्यंत खडे घ्यावे. फेरी संपली कीं विहिरींत जितके खडे उरले असतील तितकेच आणखी घालावे, हा झरा. मात्र विहिरींत वीसांहून अधिक खडे कधींहि राहूं नयेत. चौघांनीं दोन-दोन घेतले तर विहीर कधींच आटत नाहीं. चौघांनीं तीन-तीन घेतले तर तिसऱ्याच फेरींत ती कोरडी पडते. आतां मौज पाहा : एकानें किंवा दोघांनींच तीन-तीन घेतले व बाकीचे दोनांवर राहिले, तर विहीर तग धरते, आणि त्या लोभ्यांचें फावतें. परंतु त्यांस पाहून तिसराहि तीन घेऊं लागला कीं चौथ्या फेरींत विहीर आटलीच म्हणून समजा.

ह्या खेळांत चित्र नाहीं, संगीत नाहीं, कथाहि नाहीं. तरी शेजारधर्म, लोभ आणि एकाच्या वागण्यानें दुसऱ्यास लागणारें वळण ह्यांविषयीं तो पुष्कळ कांहीं सांगून जातो. आणि विहीर आटली म्हणजे प्रत्येकास आपल्या मुठींतील खडे मोजावे लागतात. निबंध वाचून "लोक असे असतात" हें कळतें. खेळून "मी असा आहें" हें कळतें. आमच्या मतें व्हिडिओ गेमला कला म्हणण्याचा अधिकार मिळत असेल तर तो येथेंच मिळतो.

४. नाथानाची युक्ति

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत हीच रीत दिसते. दावीद राजानें उरीयावर घोर अन्याय केला होता. नाथान संदेष्टा राजापुढें आला, पण त्यानें सरळ दोषारोप केला नाहीं. पुष्कळ मेंढरें असलेल्या एका धनिकानें गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली, अशी गोष्ट त्यानें सांगितली. राजा संतापला व त्यानें त्या धनिकास शिक्षा ठरविली. आणि मग तो मनुष्य खुद्द राजाच आहे हें नाथानानें त्यास दाखविलें. दाविदानें गोष्ट ऐकून सोडून दिली असती तर तिचा उपयोग झाला नसता. त्यानें निवाडा दिला, म्हणजे स्वतः एक कृति केली, म्हणून तो सांपडला.

ल्यूकस पोप ह्या अमेरिकन रचनाकाराचा 'पेपर्स, प्लीज' हा २०१३ मधील खेळ असेंच करितो. खेळणारा एका काल्पनिक राज्याच्या सरहद्दीवरील नाक्याचा कारकून असतो. येणाराजाणाराचे कागद तपासावयाचे व शिक्का मारावयाचा, एवढेंच काम. जितके लोक तपासावे तितका पगार. घरीं कुटुंब आहे, भाडें आहे, अन्न, सरपण व औषध आहे. आणि चुका वाढल्या कीं दंड होतो. एके वेळीं एक पुरुष येतो. त्याचे कागद बरोबर असतात. त्याच्यामागें त्याची बायको येते. तिच्यापाशीं परवाना नसतो, आणि परत गेलें तर जीव जाईल असें ती सांगते. आंत सोडावें तर नियम मोडतो. परत धाडावें तर दया मोडते. कादंबरींत असा प्रसंग आला असतां आपण कारकुनास कठोर म्हणून मोकळे होतों. येथें शिक्का आपल्या हातांत असतो. जुलमी राज्यें साध्यासुध्या, पोराबाळांच्या माणसांच्या हातून कशीं चालतात, हें इतिहासाच्या पुस्तकापेक्षां निराळ्या प्रकारें येथें समजतें.

५. जिंकण्याचा आक्षेप

अमेरिकेंतील प्रख्यात चित्रपट-परीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनीं एप्रिल २०१० मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, व्हिडिओ गेम कधींहि कला होऊं शकणार नाहीं. त्यांचें एक मुख्य कारण असें कीं, खेळ जिंकतां येतो; त्यांत गुण असतात, साध्य असतें; काव्य किंवा चित्रपट कोणी जिंकत नाहीं. पुढें त्याच वर्षीं जुलैमध्यें, खेळांचा पुरेसा अनुभव न घेतां आपण असें लिहावयास नको होतें, हें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. परंतु मूळ मत सोडिलें नाहीं. आक्षेप विचारी माणसाचा आहे. म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे.

उत्तर हें कीं, जिंकण्याची आशा हीच कांहीं रचनाकारांनीं आपली सामग्री केली आहे. जेसन रोहरर ह्याचा 'पॅसेज' हा २००७ मधील खेळ अवघा पांच मिनिटांचा आहे. एक तरुण चालत निघतो. वाटेंत एक स्त्री भेटते. तिला सोबत घेतलें तर दोघांस मिळून अरुंद वाटांतून जातां येत नाहीं व कित्येक ठेवे सोडून द्यावे लागतात. चालतां चालतां दोघेंहि म्हातारीं होतात. आधीं ती जाते, मग तो. गुणांचा आंकडा पडद्यावर असतो. परंतु थडग्यापाशीं पोंचल्यावर त्याचें काय करावयाचें हा प्रश्न खेळणारासच पडतो.

दुसरें उदाहरण आम्हां ख्रिस्ती जनांस विशेष जवळचें वाटेल. अमेरिकेंतील रायन व एमी ग्रीन ह्या श्रद्धावान दांपत्याच्या जोएल नांवाच्या मुलास वयाच्या पहिल्याच वर्षीं कर्करोग झाला. तो हयात असतांनाच त्यांनीं आपला अनुभव खेळाच्या रूपानें मांडावयास आरंभ केला. मार्च २०१४ मध्यें, पांच वर्षांचा असतांना, जोएल प्रभूकडे गेला. आणि जानेवारी २०१६ मध्यें 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत रुग्णालयांतील एका रात्रीचा प्रसंग आहे. तान्हेलें मूल रडत आहे. त्यास कांहीं पाजलें तर तें ओकून टाकतें. उचललें, झुलविलें, तरी रडें थांबत नाहीं. खेळणारा एक उपाय करितो, दुसरा करितो. कशाचाहि उपयोग होत नाहीं. खेळांत कळ दाबली म्हणजे कांहीं तरी घडतें, ही आपली संवय. ती येथें निकामी होते. शेवटीं बापापाशीं प्रार्थनेवांचून कांहीं उरत नाहीं. असहायता म्हणजे काय हें ह्या खेळांत हातांस कळतें. ह्यास कोणी जिंकूं शकत नाहीं. आणि ह्यास कला म्हणावयाचें नाहीं, तर त्या शब्दाचा अर्थ आम्हांस समजत नाहीं असें म्हणावें लागेल.

६. मग सर्वच खेळ कला काय ?

मुळींच नाहीं. छापलेला प्रत्येक कागद साहित्य नसतो. तसेंच हें आहे. बाजारांतील पुष्कळ खेळ केवळ पैसा मिळविण्यासाठीं रचिलेले असतात. रोज ठराविक वेळीं आला नाहींत तर बक्षीस चुकेल, पैसे भरले तर पेटी उघडेल, आणखी एक डाव, आणखी एकच, अशा युक्त्या त्यांत योजिलेल्या असतात. ह्या युक्त्याहि नियमांच्याच द्वारें काम करितात, हें ध्यानांत ठेवा. कलावंत नियम योजितो तो खेळणारास जागें करण्यासाठीं. हे लोक योजितात ते त्यास गुंगविण्यासाठीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें मान्य केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या अनावर आसक्तीस विकारांत स्थान दिलें आहे. आपल्या संसदेनेंहि ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आहे. आईबापांची काळजी अनाठायीं नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा : व्हिडिओ गेम हें कलेस योग्य असें साधन आहे, त्यांतील थोड्या कृति खरोखर कला आहेत, पुष्कळ निर्दोष करमणूक आहेत, आणि कांहीं सापळे आहेत. कला हें नांव मिळालें म्हणजे सूट मिळाली असें मुलांनीं समजूं नये. कलेची परीक्षा करमणुकीच्या परीक्षेहून कडक असते.

ह्यासाठीं कोणत्याहि खेळाविषयीं पुढील प्रश्न विचारावे :

(१) ह्या खेळाचे नियम मला कोणतें वागणें शिकवितात ? कशाबद्दल बक्षीस देतात व कशाबद्दल शिक्षा ?

(२) मला त्यांत खरी निवड आहे कीं निवडीचा केवळ भास आहे ?

(३) खेळ संपल्यावर मनांत कांहीं राहतें काय, कीं फक्त पुन्हां खेळण्याची ओढ राहते ?

(४) हा खेळ मला केव्हां तरी उठूं देतो काय ?

विद्यार्थ्यांनीं आपल्या आवडत्या एका खेळाविषयीं ह्या प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून काढावीं. आईबापांस आमची विनंति अशी कीं, तीं उत्तरें त्यांनीं वाचावीं, आणि एक वेळ मुलाच्या शेजारीं बसून तो खेळ स्वतः पाहावा. ज्या खेळास चारहि प्रश्न सोसतील, त्याच्याविषयीं घरांत एखाद्या पुस्तकाइतकेंच आदरानें बोलावें. जो पहिल्याच प्रश्नास निरुत्तर होईल, तो बाजूस ठेवण्यास मग मोठ्यांच्या आज्ञेची वाट पाहावी लागणार नाहीं. तो निवाडा मूल आपणच देईल. स्वतः दिलेला निवाडा मनास किती लागतो, हें नाथानाच्या गोष्टीवरून आपण पाहिलेंच आहे.